एनबीएतील फ्री एजंटचा पगार बाजारभावाला धरून आहे का, हे कसे पडताळावे

दर वर्षी ३० जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात आणि एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, फ्री एजंट बाजार (करार संपलेल्या खेळाडूंची नव्या करारासाठीची बोलणी) उघडतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. सकाळचा चहा होईपर्यंत पहिले आठ-दहा करार बाहेर आलेले असतात आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत त्यांतील प्रत्येकावर 'लुटले' किंवा 'फुकटात मिळाला' असा शिक्काही बसलेला असतो. असे शिक्के मीही मारलेले आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात जेलन ब्रन्सन डॅलस सोडून न्यूयॉर्क निक्सकडे चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलरवर गेला, तेव्हा माझ्या तक्त्यात मी त्याच्या नावापुढे 'महाग' असे लिहून ठेवले. आदल्या हंगामात सामन्यामागे १६.३ गुण करणाऱ्या, सहा फूट दोन इंच उंचीच्या खेळाडूला एवढी रक्कम कशासाठी, एवढाच माझा युक्तिवाद होता. निष्कर्ष चुकला हे तर झालेच, पण तो ज्या रीतीने काढला ती रीतच मुळात चुकीची होती. त्यानंतर मी ज्या क्रमाने करार तपासू लागलो, तो क्रम येथे मांडत आहे.

आधी 'वाजवी' म्हणजे काय ते ठरवा

भाव आणि मोल हे दोन शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण या कामात ते वेगळे ठेवावे लागतात. भाव म्हणजे त्या दिवशी दुसरा एखादा संघ त्या खेळाडूला जास्तीत जास्त किती देऊ शकला असता आणि द्यायला तयार होता ती रक्कम. मोल म्हणजे त्या खेळाडूमुळे संघाला प्रत्यक्षात जे विजय मिळतील त्यांची पैशातील किंमत. एखादा करार भावाच्या दृष्टीने अगदी चोख असूनही मोलाच्या दृष्टीने आतबट्ट्याचा असू शकतो, आणि याउलटही घडते. म्हणून तक्त्यात दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने ठेवावेत आणि कोणत्या अर्थाने आपण 'जास्त' म्हणत आहोत ते दर वेळी स्पष्ट लिहावे. निम्मे वाद दोन माणसे दोन वेगळ्या रकान्यांविषयी बोलत असल्यामुळेच होतात.

डॉलर बाजूला ठेवा, कॅपमधील वाटा काढा

एनबीएत प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते; तिला सॅलरी कॅप म्हणतात आणि ती लीगच्या उत्पन्नानुसार दर वर्षी नव्याने ठरते. २०१५-१६ मध्ये ती ७ कोटी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर झाली. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांतील डॉलरच्या आकड्यांची तुलना म्हणजे आजोबांच्या काळातील सोन्याचा भाव आजच्या भावाशेजारी ठेवून हळहळण्यासारखे आहे. पहिली पायरी म्हणून कराराच्या प्रत्येक वर्षाचा पगार त्या-त्या वर्षीच्या कॅपने भागून टक्केवारी काढावी.

ब्रन्सनचे उदाहरण घेऊ. त्याचा २०२२-२३ चा पगार २ कोटी ७७ लाख डॉलर होता आणि कॅप १२ कोटी ३६ लाख ५५ हजार, वाटा २२.४ टक्के. हा करार उतरत्या रचनेचा होता, म्हणजे दर वर्षी पगार वाढण्याऐवजी कमी होत होता. दुसऱ्या वर्षी २ कोटी ६३ लाख, कॅप १३ कोटी ६० लाख २१ हजार, वाटा १९.४ टक्के. तिसऱ्या वर्षी २ कोटी ४९ लाख ६० हजार, कॅप १४ कोटी ५ लाख ८८ हजार. वाटा पावणेअठरा टक्के. चार वर्षांचा एकच आकडा वाचून 'महाग' म्हणताना मी यातले काहीच मांडून पाहिले नव्हते. पगार उतरता आणि कॅप चढती असेल, तर तीन वर्षांत कराराचे ओझे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने हलके होते, आणि हे सही होण्याच्या दिवशीच कागदावर दिसत असते.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे २०१६ चा उन्हाळा. ऑक्टोबर २०१४ मध्ये लीगने नऊ वर्षांसाठी २,४०० कोटी डॉलरचा दूरचित्रवाणी करार जाहीर केला होता. त्यातून येणारा पैसा कॅपमध्ये टप्प्याटप्प्याने मिसळावा हा लीगचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेने नाकारला आणि कॅप एका झटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. जवळपास प्रत्येक संघाच्या हाती अचानक मोकळे पैसे आले, पण चांगले खेळाडू तेवढेच राहिले. पुढे काय झाले ते आठवडी बाजारात भाजी कमी आणि गिऱ्हाईक दुप्पट आल्यावर जे होते तेच. त्याआधीच्या हंगामात सरासरी १७ मिनिटे खेळून ६.३ गुण करणाऱ्या टिमोफे मोझगोव्हला लॉस एंजेलिस लेकर्सनी चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर दिले. वर्षाला १ कोटी ६० लाख म्हणजे त्या वर्षीच्या कॅपच्या १७ टक्के; एक वर्ष आधीच्या कॅपवर हाच वाटा १ कोटी १९ लाखांना मिळाला असता. आजवर या कराराची थट्टा डॉलरच्या आकड्यावरून होते. वाटा पाहिला तर थट्टा थोडी सौम्य होते, पण संपत नाही, कारण सामन्याचा दोन तृतीयांश वेळ बाकावर बसणाऱ्या सेंटरसाठी (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) १७ टक्केही फार होते. तो करार उतरवून टाकण्यासाठी लेकर्सना पुढच्याच वर्षी डी'अँजेलो रसेल ब्रुकलिनला द्यावा लागला; २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील नव्या सामूहिक करारानुसार कॅप एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही, त्यामुळे २०१६ ची पुनरावृत्ती होण्याची शक्यता आता जवळजवळ राहिलेली नाही.

बोली कोण लावू शकत होते, ते मोजा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. खेळाडू किती चांगला आहे यावर चर्चा रंगते, पण त्या उन्हाळ्यात त्याला पैसे देण्याची सोय किती संघांकडे होती हे कोणी पाहत नाही. एनबीएत मालक श्रीमंत आहे म्हणून संघ कोणालाही कितीही देऊ शकत नाही. पैसे देण्याचे मार्ग ठरलेले आहेत: एक तर संघाचा एकूण पगारखर्च कॅपच्या खाली असून मोकळी जागा हवी, नाहीतर खेळाडू आधीपासून त्याच संघात असून त्याचे 'बर्ड हक्क' संघाकडे हवेत, म्हणजे कॅप ओलांडूनही त्याला ठेवता येते, अन्यथा मिड-लेव्हलसारखी ठरावीक सवलत वापरावी लागते. २०२५-२६ मध्ये मिड-लेव्हलची रक्कम पहिल्या वर्षासाठी १ कोटी ४१ लाख डॉलर होती आणि लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक रेषेपलीकडच्या पगारखर्चावरील दंडाच्या) रेषेच्याही बरेच वर गेलेल्या संघांसाठी केवळ ५६ लाख ८५ हजार. मधल्या फळीतील इतक्या खेळाडूंचे पगार याच आकड्यांच्या आसपास का घुटमळतात, याचे उत्तर त्यांच्या खेळात शोधू नये. ते या नियमात आहे.

आयझाया हार्टेनस्टाइनचे प्रकरण याबाबतीत शिकवणारे आहे. २०२४ मध्ये निक्सना तो हवा होता, पण तो त्यांच्याकडे दोनच वर्षे खेळला असल्याने त्यांच्याकडे त्याचे पूर्ण बर्ड हक्क नव्हते. नियमानुसार ते त्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त आधीच्या पगाराच्या १७५ टक्के देऊ शकत होते. त्याचा आधीचा पगार ९२ लाख ४५ हजार. त्याचे १७५ टक्के म्हणजे सुमारे १ कोटी ६२ लाख. वार्षिक ८ टक्के वाढीसह चार वर्षांचे सुमारे ७ कोटी २५ लाख. ओक्लाहोमा सिटीकडे मोकळी जागा होती आणि त्यांनी तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख देऊ केले, त्यात पहिल्याच वर्षी ३ कोटी. आता या खेळाडूचा भाव किती म्हणायचा? निक्सची बोली ही त्यांच्या इच्छेची सीमा नव्हती, नियमाची होती. तेव्हा 'दुसऱ्या क्रमांकाची बोली १ कोटी ६२ लाख होती, मग ओक्लाहोमाने दुप्पट का दिले' असे म्हणणे चुकीचे ठरते. ओक्लाहोमाकडे त्या वर्षी स्वस्त करारांवरील तरुण खेळाडू होते, जागा वापरली नाही तर पुढे ती नाहीशी होणार होती, आणि शेवटचे वर्ष टीम ऑप्शनचे, म्हणजे ठेवायचे की नाही हे संघाने ठरवायचे, असल्याने नको झाल्यास सुटका होती. पुढच्याच हंगामात त्यांनी विजेतेपद मिळवले.

दुसरे टोक कॅम थॉमसचे. २०२४-२५ मध्ये त्याने सामन्यामागे २४ गुण केले, पण दुखापतीमुळे तो २५ सामनेच खेळला. २०२५ च्या उन्हाळ्यात मोठी मोकळी जागा असलेला ब्रुकलिन नेट्स हा एकच संघ बाजारात होता, आणि थॉमस रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे मूळ संघाचा हक्क कायम असलेला खेळाडू, म्हणून आधीच ब्रुकलिनच्याच ताब्यात होता. ज्याच्या हाती पैसे त्याच्याच हाती हक्क, मग बोली वाढणार कोणामुळे? तो अखेर सुमारे ६० लाखांच्या क्वालिफाइंग ऑफरवर (मूळ संघाने द्यायचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव) एक वर्षासाठी परतला. २४ गुणांच्या खेळाडूला ६० लाख हा त्याच्या खेळावरील निकाल म्हणून वाचला तर चुकेल. त्यात बचावातील उणिवा होत्या, दुखापत होती, पण सर्वांत मोठा वाटा रिकाम्या बाजाराचा होता.

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटच्या बाबतीत मूळ संघाला दुसऱ्याच्या प्रस्तावाशी बरोबरी करून खेळाडू ठेवून घेण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क किंमत दोन्ही दिशांनी वाकवतो. काही संघ वेळ फुकट जाईल या धास्तीने बोलीच लावत नाहीत. काही मात्र बरोबरी करणे अवघड जावे म्हणून मुद्दाम चढी बोली लावतात. आयपीएल पाहणाऱ्यांना हे सहज उमजेल. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवरची बोली २० कोटी ७५ लाख रुपयांवर थांबली होती. दिल्लीने बरोबरीचा हक्क बजावला म्हणून लखनौने आकडा २७ कोटींवर नेला. वरचे सव्वासहा कोटी हे त्या हक्काची किंमत होते. एनबीएत लिलाव बंद दाराआड होतो, त्यामुळे अशी रक्कम आपल्याला स्वतःच अंदाजाने वेगळी काढावी लागते. २०२२ मध्ये इंडियानाने डीआंद्रे एटनला चार वर्षांचे १३ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले आणि फिनिक्सने लगेच बरोबरी केली, तेव्हा निदान दुसरी बोली सर्वांना दिसली; असे क्वचितच घडते.

मॅक्स पगाराची प्रकरणे वेगळी काढा

सर्वोच्च पगारालाही मर्यादा आहे, तिला मॅक्स म्हणतात: सहा किंवा कमी वर्षांच्या अनुभवाला कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के आणि दहा किंवा अधिक वर्षांना ३५ टक्के. लीगमधील पहिल्या पाच-सात खेळाडूंना मर्यादा नसती तर त्यांनी कितीतरी अधिक मिळवले असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत 'वाजवी आहे का' हा प्रश्न निरर्थक आहे; ते स्वस्तच असतात. खरा धोका त्यांच्याखालच्या फळीत असतो. मॅक्स ही कमाल मर्यादा असताना ती हळूहळू दर्जाची पदवी होऊन बसते आणि तिसाव्या क्रमांकाचा खेळाडूही तिच्यावर दावा सांगू लागतो. फ्रेड व्हॅनव्हलीटला २०२३ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या वर्षी ४ कोटी ८ लाख दिले, म्हणजे बरोबर ३० टक्के. आदल्या हंगामात बास्केटकडे केलेल्या त्याच्या फेकींपैकी ३९.३ टक्केच लागल्या होत्या. मोलाच्या रकान्यात हा करार महाग आहे, यात मला शंका नाही. भावाच्या रकान्यात मात्र चित्र बदलते: ह्यूस्टन २२ विजय आणि ६० पराभवांवर होते, तरुणांना हाताशी धरणारा गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) त्यांना हवा होता, कॅपच्या ९० टक्के तरी खर्च करणे संघांना भागच असते, आणि हरणाऱ्या संघात येण्यासाठी खेळाडूला वरचा दाम द्यावाच लागतो. त्यांनी वर्षे कमी ठेवली, तिसरे वर्ष टीम ऑप्शनचे ठेवले. दोन वर्षांत संघ ५२ विजयांवर पोहोचला. मग सुमारे साडेचार कोटींचा तो ऑप्शन न वापरता त्यांनी त्याच्याशी दोन वर्षांचा ५ कोटींचा नवा करार केला. म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के. त्याच खेळाडूचे ३० आणि १६ हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिल्यात गरजेची किंमत किती मिसळली होती ते दिसते.

मोल काढण्याचे गणित

येथे थोडी आकडेमोड करावी लागेल, पण ती घरगुती हिशेबाच्या पलीकडची नाही. सामन्यामागील गुण हा आकडा प्रथम बाजूला सारावा. त्याऐवजी ट्रू शूटिंग टक्केवारी पाहावी: एकूण गुणांना, फेकींची संख्या अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागायचे. १६ फेकी आणि ५ फ्री थ्रोंतून २० गुण करणाऱ्याची टक्केवारी ५५ येते. साडेदहा फेकी आणि ४ फ्री थ्रोंतून १६ गुण करणाऱ्याची ६५. लीगची सरासरी अलीकडे ५८ च्या आसपास आहे. पहिला खेळाडू वृत्तपत्रात झळकतो, दुसरा सामने जिंकून देतो, मात्र दुसऱ्याला जास्त फेकी दिल्यास त्याची टक्केवारी घसरेल हेही लक्षात ठेवावे.

पुढे एकूण प्रभावाचा एखादा आकडा घ्यावा. बास्केटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावरील बॉक्स प्लस-मायनस फुकट मिळतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे. त्यात ० म्हणजे सरासरी खेळाडू आणि उणे २ म्हणजे किमान पगारात सहज मिळणारा पर्यायी खेळाडू. समजा आपल्या खेळाडूचा आकडा गेल्या तीन हंगामांच्या सरासरीने, अलीकडच्या हंगामाला अधिक वजन देऊन, अधिक १.५ आहे. पर्यायी खेळाडूपेक्षा तो ३.५ ने वरचढ ठरला. तो ७० सामने, सामन्यामागे ३० मिनिटे, म्हणजे २,१०० मिनिटे खेळेल असे धरू. हंगामाची एकूण मिनिटे ८२ गुणिले ४८ म्हणजे ३,९३६, तेव्हा त्याचा हिस्सा ५३ टक्के. ३.५ ला ०.५३ ने गुणल्यावर सुमारे १.८७ येते. या आकड्याला २.७ ने गुणले की विजय मिळतात. येथे साधारण पाच.

आता एका विजयाची किंमत. तीस संघ मिळून हंगामात १,२३० सामने जिंकतात. सगळेच खेळाडू पर्यायी दर्जाचे असलेला संघ या पद्धतीने १४ सामने जिंकेल, म्हणजे तीस संघांचे ४२० विजय जवळजवळ फुकट मिळतात आणि उरलेल्या ८१० विजयांसाठी सर्व संघ पैसे मोजतात. सरासरी पगारखर्च १८ कोटी धरला आणि किमान पगाराच्या पंधरा जणांच्या संघाला साडेतीन कोटी लागतात असे मानले, तर वरचे साडेचौदा कोटी गुणिले तीस म्हणजे ४३५ कोटी; भागिले ८१०, म्हणजे विजयामागे सुमारे ५४ लाख डॉलर. आपल्या खेळाडूच्या पाच विजयांचे सुमारे २ कोटी ७० लाख होतात, २०२५-२६ च्या कॅपवर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास. १८ कोटी हा माझा गृहीत आकडा आहे. आपण पाहत असलेल्या हंगामाचा खरा आकडा तेथे घालावा.

या गणितावर फार विसंबू नये, याचे कारण सरासरीतच दडलेले आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतून आलेले खेळाडू पहिली चार वर्षे ठरावीक, कमी पगारावर असतात आणि सर्वोत्तम खेळाडू मॅक्सने बांधलेले असतात. दोघेही विजय स्वस्तात देतात. त्यामुळे खुल्या बाजारात विकत घ्यावा लागणारा विजय या सरासरीपेक्षा महाग पडतो. तो किती महाग, हे पाहण्यासाठी त्याच उन्हाळ्यात सही झालेल्या पाच-सहा समान करारांशी तुलना करावी: स्थान तेच, वयात फार तर दोन वर्षांचा फरक, आणि संघात काम तेच. प्रत्येकाचा कॅपमधील वाटा आणि अपेक्षित विजय काढून रांग लावली की आपला खेळाडू कोठे बसतो ते एका नजरेत कळते. घर घेताना आपण त्याच गल्लीतील ताजे व्यवहार विचारतो, शहराची सरासरी नव्हे; तसेच हे.

आकड्यांत न दिसणारे काम पाहण्यासाठी सामना पाहावाच लागतो. २०२२ मध्ये प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत डॅलसचा मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच दुखापतीमुळे बाहेर असताना ब्रन्सनने युटाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात ४१ गुण केले होते. चेंडू पूर्णवेळ हाती आला की हा माणूस काय करू शकतो याचा पुरावा करारापूर्वी अडीच महिने समोर होता. मी तो सामना पाहिला होता आणि तरीही तक्त्यात हंगामाची सरासरीच भरली.

वय, दुखापत आणि अटी

करार भूतकाळाचा नसतो, पुढील वर्षांचा असतो. पंचविशीतील खेळाडूच्या चार वर्षांत बहुधा त्याची उत्तम वर्षे येतात. चौतिशीतल्याच्या चार वर्षांत ती येत नाहीत. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने ३४ वर्षांच्या पॉल जॉर्जला चार वर्षांचे सुमारे २१ कोटी २० लाख दिले. आदल्या हंगामात तो ७४ सामने खेळून २२.६ गुण करत होता, त्यामुळे पहिल्या वर्षाचा आकडा त्या दिवशी तरी समर्थनीय होता. प्रश्न चौथ्या वर्षाचा होता. पहिल्या हंगामात तो ४१ सामने खेळला. अशा करारांत मी तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षी प्रभावाचा आकडा थोडा थोडा उतरवत नेतो आणि अपेक्षित सामनेही कमी धरतो. दुखापतींचा इतिहास असेल तर हे अधिक कठोरपणे करावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या चँडलर पार्सन्सला मेम्फिसने २०१६ मध्ये ९ कोटी ४० लाख दिले आणि तीन हंगामांत तो ९५ सामने खेळला.

अटींचे वजन आकड्याइतकेच असते. टीम ऑप्शन संघाच्या बाजूचा असतो, म्हणून त्या वर्षाचा चढा पगार फारसा खुपत नाही. प्लेयर ऑप्शन खेळाडूच्या बाजूचा असतो, कारण चांगला खेळला तर तो बाहेर पडतो आणि बिघडला तर थांबतो. दोन करारांची रक्कम समान असली तरी प्लेयर ऑप्शन असलेला संघाला महाग पडतो. बोनसच्या अटींवर मिळणारी रक्कम आणि हमी नसलेली वर्षे मथळ्यातील आकड्यात मिसळलेली असतात, ती वेगळी काढावीत. खेळाडूच्या बाजूने पाहायचे असेल तर राज्याचा आयकर धरावा: टेक्सास व फ्लोरिडात तो नाही, कॅलिफोर्नियात वरच्या टप्प्यावर १३ टक्क्यांहून अधिक आहे, अर्थात बाहेरच्या सामन्यांचा कर ते जेथे होतात त्या राज्यात भरावा लागत असल्याने फरक वाटतो तेवढा राहत नाही.

आणि तोच डॉलर सर्व संघांना सारखा पडत नाही. २०२५-२६ मध्ये लक्झरी टॅक्सची रेषा १८ कोटी ७९ लाखांवर आणि तिच्याही वरच्या 'दुसऱ्या एप्रन' या खर्चमर्यादेची २० कोटी ७८ लाखांवर होती. दुसरा एप्रन ओलांडलेल्या संघाला मिड-लेव्हल मिळत नाही, अदलाबदलीत अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते. अशा संघासाठी १ कोटीचा राखीव खेळाडू प्रत्यक्षात कित्येक कोटींना पडतो, तर मोकळी जागा असलेल्या संघाला तो १ कोटीलाच मिळतो. निक्सनी ब्रन्सनसाठी जागा करताना काही करार डेट्रॉइटच्या गळ्यात घातले आणि त्यासाठी ड्राफ्टमधील निवडीही दिल्या. ती रक्कम १० कोटी ४० लाखांत दिसत नाही, पण किमतीचा भाग होती.

भाव फारच कमी वाटला तरी तपासावे. जो स्मिथ मिनेसोटात १९९८ नंतर एकेक वर्षाच्या स्वस्त करारांवर खेळत राहिला, तेव्हा अनेकांना तो संघावरचा जीव वाटला. पुढे बर्ड हक्क मिळाल्यावर मोठी रक्कम देण्याचा गुप्त लेखी करार उघड झाला आणि २००० मध्ये लीगने संघाला ३५ लाख डॉलर दंड केला, शिवाय पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या. त्यांतील काही नंतर परत मिळाल्या.

नोंद कशी करावी

शेवटी एक आकडा न लिहिता पट्टा लिहावा: 'मोल १६ ते १९ टक्के, भाव १९ ते २३ टक्के, दिले २२.४.' शेजारी तारीख घालावी आणि त्या तारखेनंतर कळलेली कोणतीही गोष्ट त्या ओळीत भरू नये. निकालासाठी वेगळी ओळ ठेवावी. पार्सन्ससारख्या प्रकरणात धोका आधीच दिसत होता का, की केवळ नशीब वाईट होते, हे ठरवता येते ते दोन ओळी वेगळ्या असल्यामुळेच.

ब्रन्सनच्या तक्त्यात आता दुसरी ओळही आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने चार वर्षांच्या १५ कोटी ६५ लाखांच्या वाढीव करारावर सही केली. एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे सुमारे २६ कोटी ९० लाख मिळाले असते. दोन रकमांतील वर्षांची संख्या वेगळी असल्याने सव्वाअकरा कोटी सोडले हे विधान सरळ घेऊ नये, पण पहिल्या वर्षाची तुलना स्वच्छ आहे: ३० टक्क्यांच्या मॅक्सने २०२५-२६ मध्ये ४ कोटी ६४ लाख झाले असते, त्याने ३ कोटी ४९ लाख घेतले. कॅपने भागले तर २२.६ टक्के येतात. २०२२ मध्ये ज्या २२.४ टक्क्यांपुढे मी 'महाग' लिहिले होते, त्यापासून हा आकडा दोन दशांशांवर आहे.